तापाला शाबासकी

तिचं खरं नाव दवाखान्याच्या हजेरीपटावर आहे आणि तिथेच ते सुखात आहे. गावात तिला सगळे शाबासताई म्हणतात.

हे नाव तिला बाळंतपणाच्या वॉर्डाने दिलं. वीसेक वर्षं तिने त्या छोट्या दवाखान्यात नर्स म्हणून बाळंतपणं केली. बाई कितीही रडो, ओरडो, नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करो, हिचं आपलं एकच चालू असायचं : "शाबास! अजून थोडं! शाबास गं माझी बाई!" तो आवाज खिडकीतून बाहेर पडून थेट समोरच्या रस्त्यावर जायचा. समोरचा सायकलवाला पंक्चर काढता काढता थांबायचा आणि शेवटची लांबलचक 'शाबाऽऽस' कानावर आली की गिऱ्हाइकाला सांगायचा, "झालं बरं का." मग पुन्हा पाना हातात घ्यायचा. गावातल्या अर्ध्या माणसांनी जगात आल्यावर पहिला शब्द ऐकला तो हाच, असं ताई स्वतः सांगते. त्यात थोडं तिखटमीठ आहे, पण तिच्या तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती नाही.

कारण बाई तापट आहे. नाकावर माशी बसू देत नाही. तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर तिथे तो लोकांना मोठ्या ऐटीत अक्षरं वाचायला लावतो आणि घरी आल्यावर चप्पल जागेवर ठेवली की नाही हे दोनदा वळून बघतो. "आमच्याकडे दोन डॉक्टर आहेत," तो म्हणतो, "मी डोळ्यांचा आणि ही डोळे वटारण्याची."

अशी ही बाई बाळंतपणं सोडून कॅन्सरच्या मागे का लागली, तर तिच्या थोरल्या भावामुळे. त्याला पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा औषध फक्त मोठ्या हॉस्पिटलात मिळायचं, आणि ते हॉस्पिटल म्हणजे बसने अख्खा दिवस. औषध हातातून आत जायला दोन-तीन तास. ते घ्यायला जाणं आणि येणं, यात दोन दिवस आणि सगळी ताकद जायची. येताना तो खिडकीशी बसायचा, हातात प्लास्टिकची पिशवी धरून, आणि दर वेळी ओकारी आली की आधी शेजारच्याची माफी मागायचा. ताई त्याच्याबरोबर असायची. जी सुई आपण डोळे मिटून लावू शकतो, तिच्यासाठी भावाला एवढं फरफटत न्यायचं, याचा तिला इतका संताप यायचा की कंडक्टरने तिकीट विचारलं तरी ती त्याच्यावर खेकसायची. निम्म्यात भावाने हात टेकले. "आजाराचं मी बघून घेतलं असतं गं," तो म्हणाला, "पण ही बस मला झेपत नाही." त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही.

पुढे काही वर्षांनी मोठ्या हॉस्पिटलाने ठरवलं, की जी औषधं छोट्या दवाखान्यात देता येतील ती तिथेच द्यायची. डॉक्टर दुरून पडद्यावर बघतील, पण सुई लावणारं माणूस गावातलं. त्यासाठी एका नर्सने तीन महिने शिकायला जायचं होतं. बाकीच्या जणींनी ऐकूनच पाय मागे घेतले. ताईचा हात प्रश्न पुरा व्हायच्या आधी वर गेला होता. पन्नाशीला आलेली ही बाई मुलीच्या वयाच्या पोरींशेजारी बसून शिकली, परत आली आणि दवाखान्याची चादरी ठेवायची खोली तिने झाडूनपुसून ताब्यात घेतली.

त्या खोलीत चार खुर्च्या आहेत. तीन नव्या, मागे रेलणाऱ्या. चौथी कुठल्याशा दातांच्या डॉक्टरने टाकून दिलेली. ती खाली जाते, पण वर यायचं तिच्या मनावर असतं. भिंतीवर पडदा आहे. त्यावर दर आठवड्याला मोठ्या हॉस्पिटलातल्या मॅडम येतात, प्रत्येकाची जीभ बघतात, रिपोर्ट बघतात आणि औषध ठरवतात. खिडकी रस्त्याकडे, म्हणजे पुन्हा सायकलवाल्याकडेच.

खोलीचा एक कडक नियम आहे. हे औषध शरीरात गेलं की वाईट पेशींबरोबर चांगल्याही मरतात. मधले काही दिवस तर रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इतक्या कमी होतात की अंगात घुसलेल्याला अडवायला कुणी उरत नाही. त्या दिवसांत आलेला ताप अंगावर काढायचा नसतो. म्हणून प्रत्येकाला एक थर्मामीटर दिलेला असतो. रोज सकाळी मोजायचं आणि ताईला फोन करायचा. शंभराच्या वर गेलं की तडक इकडे यायचं, तासाभराच्या आत पहिलं इंजेक्शन, आणि मग अ‍ॅम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात.

रोज सकाळी फोन वाजायचे आणि खोलीतून ताईचा आवाज यायचा. "अठ्ठ्याण्णव? शाबास! सत्त्याण्णव? अरे वा, शाबास!" वॉर्ड बदलला तरी जीभ तीच राहिली होती. यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही. ताईलाही नाही.

आता काटेकाकांकडे येऊ.

काकांचा धंदा तराजू दुरुस्त करायचा. वाण्याचा काटा असो की सोनाराचा, तो खरं बोलतोय की नाही हे काका सांगणार. पारड्याखाली चिकटवलेलं मेण त्यांनी आयुष्यभर नखाने खरवडून काढलं आणि ते दुकानदाराच्याच तळहातावर ठेवलं. "हे तुमचं राहिलंय," एवढंच म्हणायचे. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, कारण तो शब्द कधी गुंजभरही इकडेतिकडे झाला नव्हता.

त्यांच्या मोठ्या आतड्याला गाठ निघाली. ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलात झालं, तेही सुनेने अक्षरशः ओढत नेलं म्हणून. मुलगा कामासाठी लांब असतो. घरात सून आणि सासरा दोघंच, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही. ऑपरेशन करून परत येताना काकांनी बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, की आता पुन्हा त्या फाटकातून आत पाऊल टाकणार नाही. उरलेलं औषध ताईच्या खोलीत मिळणार म्हटल्यावर ते मुकाट्याने आले आणि नेमके त्या दातांच्या खुर्चीत बसले. "हिचा काटा अडकलाय," ते म्हणाले आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. ताईने तो काढून घेतला.

तेव्हापासून दोघांचं जमलं ते असं, की एकमेकांना बोलल्याशिवाय दिवस जाईना. काकांचा सकाळचा फोन म्हणजे एक नाटक असायचं.

"ताई, आमचा पारा अठ्ठ्याण्णव. तुमचा किती चढलाय?"

"तुमचा फोन आला की चढतो."

"मग शाबास म्हणा आणि उतरवा."

"शाबास! ठेवा आता."

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. तिसऱ्या औषधाला आठवडा होऊन गेला होता. सकाळी काकांचा फोन आला. "नमस्कार ताई. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. तुम्ही बऱ्या आहात ना? धन्यवाद."

"शाबास," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. खोलीत तिघांना सलाईन चालू होतं. ती हातमोजे घालायला वळली आणि एक हातमोजा अर्धा चढवून तशीच उभी राहिली. धन्यवाद? काटेकाका आणि धन्यवाद? या माणसाने ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरलाही धन्यवाद दिले नव्हते. टाके मोजून "एक तिरका आहे" म्हणाला होता.

तिने उलट फोन लावला. कुणी उचलेना. मग सुनेला लावला. ती शिवणाच्या कारखान्यात कामाला जाते. मागे यंत्रांचा कडकडाट चालला होता.

"बाबा ना? बरे आहेत की," सून म्हणाली. "जरा गप्प होते. फ्रीजमधलं गार पाणी पीत बसले होते सकाळपासून. म्हणाले, उकडतंय."

"उकडतंय? आज?" ताईने स्वतःच्या अंगातल्या स्वेटरकडे बघितलं आणि फोन ठेवला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरला तिने हाक मारली. "डॉक्टर, मी येईपर्यंत या खोलीतून हलायचं नाही. अँटिबायोटिक काढून ठेवा." तो काही विचारणार तोवर तिची स्कूटर फाटकाबाहेर पडली होती.

काकांचं घर म्हणजे खाली दुकान आणि वर दोन खोल्या. जिन्यापर्यंत पारडी टांगलेली. ताई वर पोचली तर काका खुर्चीत, गळ्यापर्यंत घोंगडी, शेजारी पाण्याची गार बाटली आणि तिच्या बाजूला तो थर्मामीटर. गाल लाल झालेले. तिने कपाळाला हात लावला आणि लगेच काढला.

"तोंडात नको," ती म्हणाली. "काखेत."

"आत्ताच तर मोजलं—"

"हात वर करा, काका."

एकशे दोनच्या वर. ताईने आकडा त्यांच्यासमोर धरला. "गार पाणी पिऊन लगेच थर्मामीटर तोंडात. जन्मभर दुसऱ्यांच्या पारड्याखालचं मेण खरवडलंत, आणि स्वतःच्या जिभेखाली हे? लाज नाही वाटली?"

"वाटली," काका म्हणाले. दातावर दात वाजत होते. "म्हणून तर पाणी जास्त प्यायलो."

"उठा. दवाखान्यात चला."

"दवाखान्यात येतो. पण गाडीत घालून तिकडे पाठवणार असाल तर इथेच बरा आहे मी." आणि मग, डोळे मिटून, त्यांनी ते एका दमात सांगून टाकलं. दहा वर्षांपूर्वी बायको त्या हॉस्पिटलात होती. तिच्यासाठी ते कंगवा आणायला बाहेर गेले. परत आले तर भेटायची वेळ व्हायची होती. फाटकावरच्याने थांबा म्हटलं म्हणून ते थांबले. नियम म्हणजे नियम, त्यांच्या धंद्यातही तेच. वेळ झाली, फाटक उघडलं, ते वर गेले तेव्हा खाट रिकामी होती. कंगवा अजून कपाटात आहे.

ताईने घोंगडी त्यांच्याभोवती नीट गुंडाळली. "आधी माझ्याबरोबर चला," ती म्हणाली. "फाटकाचं मी बघते."

शेजारच्या बेकरीवाल्याने पावाचे ट्रे भराभर उतरवून व्हॅन मोकळी केली आणि काकांना त्यात निजवून दवाखान्यात आणलं. दातांच्या खुर्चीतच त्यांना झोपवलं, कारण बाकीच्या भरलेल्या होत्या. ताईने रक्त काढलं, सुई लावली आणि पहिलं इंजेक्शन आत गेलं. तोपर्यंत तरुण डॉक्टरने नियमाप्रमाणे अ‍ॅम्ब्युलन्स मागवली होती आणि ती दारात येऊन उभीही राहिली. काकांनी खिडकीतून ती बघितली आणि तोंड फिरवलं.

पडद्यावर मॅडम आल्या. त्यांनी सगळं विचारलं : रक्तदाब, श्वास, लघवी, तोंडात फोड आहेत का, बोलणं नीट आहे का. ताईने उत्तरं दिली आणि मग म्हणाली, "मॅडम, यांना इथेच ठेवता येईल का? मी त्यांच्या शेजारून उठणार नाही."

मॅडमनी रक्तदाबाचा आकडा पुन्हा एकदा विचारला. "दोन गोष्टी," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत ताप उतरायला लागला पाहिजे आणि रक्तदाब जागेवर राहिला पाहिजे. तो घसरला तर गाडी निघेल आणि कुणी माझ्याशी वाद घालायचा नाही. तोवर गाडी तिथेच उभी राहील."

"वाद घालणारी ही आहे," काका डोळे न उघडता पुटपुटले. "मी नाही."

दुपार त्या खोलीत अडकून बसली. ज्यांचं सलाईन संपलं तेही घरी जाईनात. सून कारखान्यातून धावत आली, सासऱ्याला काही बोलणार तेवढ्यात तिला रडू फुटलं आणि ती पायाशी बसून राहिली. रक्तदाब एकदा थोडा खाली गेला. ताईने सलाईनचा वेग वाढवला आणि पट्टा पुन्हा बांधला. पुन्हा बघितलं. तो तिथेच थांबला होता. त्या क्षणी तिला खरंच भीती वाटली. नियम तिला पाठ होता. आपण या माणसाला फाटकापासून वाचवतोय की जिवानिशी घालवतोय, हे तिला कळत नव्हतं.

थोड्या वेळाने काकांना घाम फुटला. त्यांनी डोळे उघडले आणि ताईकडे बघितलं.

"रागावलात?"

"मग काय आरती ओवाळू? मरायची हौस आली होती?"

"फाटकाचं तर आहेच," काका म्हणाले. "पण खरं सांगू? काल सकाळीच शंभराच्या वर जरासं दिसलं होतं. मी सांगणारच होतो. फोन लावला आणि तुम्ही उचलल्या उचलल्या म्हणालात, 'बोला काका, म्हणू ना शाबास?' मग मला शंभर म्हणवेना. घरात बायको होती तेव्हा ती म्हणायची कधीकधी. ती गेल्यावर मला कुणी शाबास म्हणालं नव्हतं. या वयात कोण म्हणतं? रोज सकाळी एकदा ऐकायला मिळायचं."

ताई उठून बेसिनपाशी गेली आणि स्वच्छ हात पुन्हा धुवायला लागली. पाणी बराच वेळ वाहत होतं. पाठमोऱ्या ताईकडे बघून सुनेला वाटलं, की आता काकांची धडगत नाही. पण ताई स्वतःलाच बोलत होती, मनातल्या मनात, आणि तिची बोलणी कशी असतात ते आपल्याला ठाऊक आहेच. ज्यांना बरं वाटत होतं त्यांना तिने वर्षभर शाबासकी वाटली होती. ज्यांना बरं नव्हतं, त्यांना तिच्याकडून काही मिळत नव्हतं.

दिवे लागायच्या सुमाराला ताप शंभराच्या खाली आला. रक्तदाब जागच्या जागी. रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी कमी होत्या, पण धास्ती होती तितक्या नाहीत. मॅडमनी पडद्यावर तो दोनदा वाचला आणि दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. "ठेवा तिथेच," त्या म्हणाल्या. "पाच दिवस औषध. रोज रिपोर्ट मला."

ताईचा जीव भांड्यात पडला. सुनेने सासऱ्याच्या पायावर डोकं टेकलं. काका म्हणाले, "आता ही खुर्ची वर घ्या, माझी मान दुखतेय," आणि खुर्ची काही केल्या वर येईना. तेव्हा सगळी खोली एकदम हसायला लागली, हसण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं तरी.

अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर दारात आला. दिवसभर बसून त्याचं अंग आंबलं होतं. "निघू का मी?"

"निघ," ताई म्हणाली. "रिकामी ने."

ती त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेली. गाडी वळली, मोठ्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली. ताईला भाऊ आठवला, पिशवी हातात धरून बसलेला. एवढ्या वर्षांनी त्याच्या आठवणीबरोबर राग आला नाही. उलट इतकं हलकं वाटलं की तिने नवऱ्याला फोन करून उगाच विचारलं, "काय करतोयस?" तो बिचारा घाबरला. म्हणाला, "चप्पल जागेवर आहे."

काका पाच दिवसांनी घरी गेले. पुढचं औषध थोडं कमी करून द्यायचं ठरलं आणि ठरलेल्या दिवशी ते येऊन दातांच्या खुर्चीत बसले. या वेळी ताईने स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला नाही.

ते खुर्चीच्या खाली वाकून काहीतरी पिळत असताना फोन वाजला. पलीकडे फुलांचं दुकान चालवणारी बाई होती. नवीनच होती, तिला एकच औषध झालं होतं. आवाज इतका बारीक की ताईने फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, रागावू नका हं. मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलंय. काय झालं काही कळत नाही. एकशे एक आहे."

ताईने खोल श्वास घेतला.

"शाबाऽऽस!"

तो आवाज भिंतींना धडकून खिडकीतून बाहेर गेला. रस्त्यापलीकडे सायकलवाल्याचा पाना थांबला. "झालं बरं का," तो सवयीने म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की ताईने बाळंतपणं सोडून वर्ष लोटलं.

"शाबास?" फोनवरच्या बाईने विचारलं.

"मग! मोजलंस, खरं सांगितलंस, लगेच सांगितलंस. याहून मोठं काम नाही या खोलीत. आता दुकान शेजारणीवर टाक आणि निघ. इंजेक्शन भरून ठेवते."

"एकशे एकला एवढी मोठी?" काका खुर्चीखालून म्हणाले. "मला एकशे दोन होता. मला काय मिळालं?"

"तुम्ही पाणी प्यायला होतात."

"मग अर्धी तरी द्या."

"खुर्ची वर आली की देईन."

खुर्ची करकरली, हलली आणि काकांना घेऊन सावकाश वर आली. ताईने शब्द पाळला. पूर्ण शाबासकी दिली.

थोड्याच वेळात फुलवाली बाई दारात येऊन उभी राहिली. तापाने चेहरा उतरलेला, हाताला अजून फुलांच्या देठांचा हिरवा रंग. आत यावं की नाही, या विचारात ती उंबऱ्यावरच थांबली.

"मी बरोबर केलं ना, ताई?"

"अगदी बरोबर," ताई म्हणाली. "ये, बस." आणि ती हात धुवायला गेली.